१२वीचं इंग्लिश: "होऊन जाईल" म्हणणाऱ्यांसाठी

दरवर्षी नोव्हेंबर आला की आमच्या घरी हा डायलॉग होतोच. मी विचारते, इंग्लिशचं काय चाललंय, आणि समोरून उत्तर, "अगं मावशी, इंग्लिश तर होऊन जाईल." आधी फक्त माझा भाचा म्हणायचा, आता इंदूरच्या लोकमान्यनगरातली सात-आठ पोरं संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती येऊन बसतात ती सगळीच म्हणतात. सकाळी शाळा, ती पण अर्ध्यांची नावालाच, दुपारी भंवरकुआं नाहीतर गीता भवनला कोचिंग, रात्री फिजिक्सची डीपीपी म्हणजे रोजच्या सरावाची गणितं, आणि इंग्लिश म्हणजे पेपरच्या आदल्या दोन दिवसांत यूट्यूबवर वन शॉट, म्हणजे अख्खा विषय एकाच व्हिडिओत, लावून, दीडच्या स्पीडवर, शेव खात खात निपटवायची गोष्ट.

आता खोटं कशाला बोलू, होऊन जातंच. पास व्हायला ३३ टक्के लागतात आणि तेवढे झोपेतही पडतात. पण जेईईवाल्यांनी एक गोष्ट नीट ऐका, आयआयटीत घुसायचं तर रँकसोबत १२वीत ७५ टक्के लागतात (एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ६५) किंवा मग बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, आणि ते मोजताना जे पाच विषय धरतात ना त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्ससोबत एक भाषा असतेच. ती भाषा बहुतेकांची इंग्लिशच. म्हणजे केमिस्ट्रीत घाम गाळून मिळवलेले चार मार्क इथे फुकट घालवायचे. आणि ज्यांना आपल्या राऊच्या टेकडीवरच्या आयआयएममध्ये १२वीनंतर थेट मॅनेजमेंटच्या पाच वर्षांच्या आयपीएमला जायचंय (२०११ पासून चालू आहे तो कोर्स) त्यांच्या टेस्टमध्ये तर व्हर्बल एबिलिटीचा वेगळा सेक्शनच असतो, तिथे वन शॉटवाली मंडळी पहिल्या दहा मिनिटांत गळपटतात.

मी इथे सीबीएसईचं इंग्लिश कोर धरून लिहितेय, कारण माझ्याकडे बहुतेक तीच पोरं येतात. एमपी बोर्डवाल्यांची पुस्तकं पण तीच आहेत, फ्लेमिंगो आणि व्हिस्टाज, फक्त पेपरची मांडणी वेगळी, तेव्हा भोपाळच्या मंडळाची ब्लूप्रिंट काढून समोर ठेवा, बाकी अभ्यासाची रीत बदलत नाही.

पेपर ८० चा, २० शाळेच्या हातात. ८० पैकी २२ रीडिंग, १८ रायटिंग, ४० लिटरेचर. हे सगळ्यांना माहीत असतं. कुणाच्या डोक्यात जात नाही ते एवढंच की ८० च्या ८० मार्कांसाठी तुम्हाला हाताने इंग्लिश वाक्यं लिहायची आहेत (रीडिंगमधले थोडे ऑप्शनवाले प्रश्न आणि लिटरेचरच्या उताऱ्यांखालचे काही सोडले तर). आणि वर्षभर तुम्ही काय करता, तर ऐकता, वाचता, हायलाइट करता, पीडीएफ फॉरवर्ड करता. लिहीत नाही. पोहायला शिकायचंय आणि काठावर बसून पोहण्याचे व्हिडिओ बघून राहिलात.

आणि आपल्या घरांची अजून एक गंमत आहे जी कुठल्याच गाइडमध्ये लिहिलेली नसते. आपण घरात मराठी बोलतो, ती पण इंदुरी, गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि पेपरमध्ये इंग्लिश. म्हणजे वाक्य तयार होतं मराठीत, वाटेत हिंदीचा रंग चढतो आणि कागदावर उतरतं इंग्लिश होऊन. त्यामुळे आपल्या चुका पण ठरलेल्या असतात, दिल्लीच्या पोराच्या वेगळ्या, चेन्नईच्या वेगळ्या, आपल्या वेगळ्या. म्हणून माझं पहिलं आणि खरं सांगायचं तर एकच काम असतं, जाड ग्रामरचं पुस्तक बंद करायला लावायचं आणि चुकांची वही उघडायला लावायची.

वही अशी. साधी शंभर पानी. डाव्या पानावर तुम्ही जे चुकीचं वाक्य लिहिलं होतं ते जसंच्या तसं, लाजायचं नाही. उजव्या पानावर बरोबर वाक्य. आणि खाली, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते मराठी किंवा हिंदी वाक्य लिहायचं जे तेव्हा डोक्यात होतं. हे खालचं वाक्यच चोर असतं.

उदाहरणं देते, सगळी माझ्या टेबलावरची. एकीने लिहिलं, "ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड." डोक्यात काय होतं? जरी तो थकला होता तरी त्याने काम केलं. मराठीत जरी आला की तरी यायलाच पाहिजे, जोडी आहे ती, तोडली की वाक्य लंगडं वाटतं. इंग्लिशमध्ये ऑल्दो एकटं पुरतं, बट लावायचं नाही. तसंच बिकॉज आणि सो, एका वाक्यात एकच. हे एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं, पण कळतं तेव्हाच जेव्हा खाली जरी-तरी लिहिलेलं डोळ्यांना दिसतं.

दुसरं, "ही वॉज अँग्री ऑन मी." तो माझ्यावर चिडला, वर म्हणजे ऑन, झालं. इंग्लिशमध्ये माणसावर चिडतात तेव्हा अँग्री विद. "शी मॅरिड विद अ डॉक्टर", डॉक्टरशी लग्न केलं ना, तो 'शी' तिथे विद होऊन बसला, पाहिजे नुसतं मॅरिड अ डॉक्टर. "वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम", कारण आपण कशाबद्दल तरी चर्चा करतो, इंग्लिशवाले सरळ प्रॉब्लेमच डिस्कस करतात. आपली विभक्ती इंग्लिशच्या वाक्यात चिकटून येते, दुसरं काही नाही.

मग "आय ॲम लिव्हिंग इन इंदूर सिन्स टेन इयर्स." याच्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही "मी दहा वर्षांपासून इंदूरला राहतोय" मधून आल्यात. जे काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला हॅव बीन लिव्हिंग. आणि आपल्याकडे '२०१५ पासून' पण पासून आणि 'दहा वर्षांपासून' पण पासून, इंग्लिशमध्ये मात्र सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स, लांबी असेल तर फॉर. सिन्स २०१५, फॉर टेन इयर्स. याच्या उलट प्रकार "आय हॅव मेट हिम यस्टरडे", कारण आपण बिनधास्त म्हणतो "मी त्याला काल भेटलोय". इंग्लिशमध्ये काल, मागच्या वर्षी, १९४७ मध्ये असं काही आलं की हॅव गायब, साधं मेट.

आणि खास आपला माल म्हणजे आयएनजी. आपण घरी "काय करून राहिलास, जेवून राहिलो" असं म्हणत मोठे झालो, बाहेर "कर रहा हूँ", त्यामुळे प्रत्येक क्रियापदाला आयएनजीची शेपटी. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम नॉट नोइंग द आन्सर". भाऊ असणं, माहीत असणं, आवडणं, वाटणं ही चालू असलेली कामं नाहीत, स्थिती आहे, तिथे साधं हॅव, नो, लाइक.

"आय आस्क्ड हिम व्हेअर वॉज ही गोइंग", हे तर पंचाण्णव मार्कवाले पण लिहितात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, मग क्रम सरळ, व्हेअर ही वॉज गोइंग. आणि "वन ऑफ माय फ्रेंड", कारण माझा एक मित्र, एकच आहे ना! पण इंग्लिशमध्ये मित्रांपैकी एक, म्हणून फ्रेंड्स.

अ, ॲन आणि द चं दुखणं मोठं आहे कारण आपल्याकडे ही वस्तूच नाही. काही पोरं लावतच नाहीत, काही मीठ टाकल्यासारखं सगळीकडे द टाकतात. एक जुगाड सांगते, पूर्ण नियम नाही पण ८० टक्के काम होतं, मोजता येणारी एकटी वस्तू गोष्टीत पहिल्यांदा आली की अ, दुसऱ्यांदा आली की द. एक फेरीवाला आला, अ पेडलर. मग त्या फेरीवाल्याने, द पेडलर. आणि ॲन अक्षर बघून नाही, आवाज ऐकून लावायचं, ॲन अवर, ॲन एमएलए, पण अ युनिव्हर्सिटी.

स्पेलिंगसाठी वहीचं शेवटचं पान. रिसीव्हमध्ये सी नंतर ई आधी मग आय, सेपरेटच्या मधोमध ए, ग्रामरच्या शेवटी ए आर. ही तीन तर प्रत्येक बॅचमध्ये निघतात. आणि यू च्या जागी नुसतं एक अक्षर लिहिणाऱ्यांनी कृपया चॅट आणि उत्तरपत्रिका यातला फरक समजून घ्या, हात सवयीचा गुलाम असतो, घाईत तेच उमटतं.

सहा आठवडे ही वही प्रामाणिकपणे भरली की एक चमत्कार दिसतो, नवीन चुका येणं बंद होतं. प्रत्येकाच्या फिरून फिरून त्याच आठ-दहा निघतात. माझ्या भाच्याच्या नऊ निघाल्या. पूर्ण ग्रामर शिकायची गरजच नव्हती त्याला, नऊ गोष्टी शिकायच्या होत्या.

तपासणार कोण हा प्रश्न येतोच. शाळेतल्या मॅडमकडे एका वर्गात चाळीस वह्या असतात, त्यांना रोज दाखवता येणार नाही पण आठवड्यातून एक उत्तर घेऊन गेलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. मित्राशी वही बदला, दुसऱ्याची चूक आपल्याला लगेच दिसते, स्वतःची नाही. मोबाइलवरच्या एआयला पण दाखवता येतं, पण त्याला "करेक्ट कर" म्हणू नका, तो अख्खं उत्तरच चकाचक करून देतो आणि तुम्ही ते बघून खूश होता, शिकत काहीच नाही. त्याला सांगा की फक्त चूक कुठे आहे ती ओळ दाखव, दुरुस्त मी करतो.

आता लिटरेचर. ४० मार्क, त्यातले १६ उताऱ्यांवरचे, १४ छोट्या उत्तरांचे, १० दोन मोठ्या उत्तरांचे. इथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तयार उत्तरांची पीडीएफ. मागे एका कोचिंगच्या नोट्स आमच्या टेबलावर आल्या होत्या, चकचकीत, रंगीत हेडिंगं. लॉस्ट स्प्रिंग या धड्याच्या उत्तरात साहेबला फिरोजाबादला पाठवला होता आणि मुकेशला सीमापुरीला. पाच पोरांनी तेच पाठ करून तेच लिहिलं! अरे बाबांनो, साहेब कचरा वेचतो तो दिल्लीच्या कडेला सीमापुरीत, आणि बांगड्यांच्या भट्टीत काम करणाऱ्या घरातला, मोटर मेकॅनिक व्हायचं म्हणणारा मुकेश फिरोजाबादचा. धडा एकदा स्वतः वाचला असता तर ही चूक होऊच शकत नाही, कारण अख्खा धडाच त्या दोन जागांवर उभा आहे.

धडा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, पेन हातात न घेता, डिक्शनरी न उघडता, अडलं तर अडू द्या. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, मार्जिनमध्ये मराठीत लिहिलं तरी चालेल, हिंदीत चालेल, "इथे घाबरला", "इथे खोटं बोलला", "आता पश्चात्ताप" असं. तिसऱ्यांदा फक्त पुरावे शोधत. पुरावे म्हणजे काय तर आकडे, जागा, वस्तू, एखादा खास शब्द. रॅटट्रॅपमध्ये तीस क्रोनर, इंडिगोमध्ये १५ टक्के जमिनीवर नीळ लावायची सक्ती आणि शेवटी २५ टक्के परतफेड, टायगर किंगमध्ये शंभरावा वाघ आणि ते लाकडी खेळणं. परीक्षकाला उत्तरात अशी एक वस्तू दिसली की त्याला कळतं पोराने पुस्तक उघडलंय.

छोटं उत्तर ४०-५० शब्दांचं असतं, म्हणजे तीन वाक्यं. पहिल्या वाक्यात सरळ उत्तर. दुसऱ्यात पुरावा. तिसऱ्यात त्याचा अर्थ. समजा विचारलं की रॅटट्रॅपमधल्या, उंदरांचे सापळे विकणाऱ्या फेरीवाल्याने चिठ्ठीखाली कॅप्टन फॉन स्टोले अशी सही का केली. तर पहिलं वाक्य, कारण त्याला कॅप्टनसारखा मान मिळाला होता म्हणून त्याला तसंच वागायचं होतं. दुसरं, घरातल्या मुलीने, एडलाने, तो कॅप्टन नाही हे कळल्यावरही त्याला ख्रिसमसला घरात ठेवून घेतलं आणि त्याने चोरलेले तीस क्रोनर परत ठेवले. तिसरं, म्हणजे विश्वासाने त्याच्यातला चांगला माणूस जागा झाला. संपलं. पण पोरं सुरू कुठून करतात, "हा धडा अमुक लेखिकेने लिहिला असून त्यात असं दाखवलं आहे की", बावीस शब्द तिथेच गेले, मार्क शून्य.

मी पण हेच केलं होतं माझ्या १२वीत. पाच मार्कांच्या उत्तराला दोन पानं लिहिली, हात चालत होता, मजा येत होती, आणि शेवटी नोकरीच्या अर्जाचं पत्र अर्धं राहिलं. मोठं उत्तर १२०-१५० शब्द म्हणजे १२०-१५०च. तुमच्या अक्षरात ते किती ओळी होतात हे घरी एकदा मोजून ठेवा, माझ्या भाच्याचं सोळा ओळींत बसतं, मग त्याला पेपरमध्ये शब्द मोजत बसावं लागत नाही.

मोठ्या उत्तरांसाठी धडे सुटे सुटे ठेवू नका, जोड्या लावा. पाण्याला न घाबरणं, पोहणं शिकणारा डीप वॉटरवाला एकीकडे आणि स्वतःच्या जळलेल्या चेहऱ्यामुळे लोकांपासून पळणारा ऑन द फेस ऑफ इटमधला डेरी दुसरीकडे. चोराला घरात घेणारी एडला आणि शत्रूच्या सैनिकाचं ऑपरेशन करणारा द एनिमीमधला डॉक्टर सडाओ. लास्ट लेसनमध्ये बर्लिनच्या हुकमाने शाळेतून फ्रेंच जाते आणि मेमरीज ऑफ चाइल्डहूडमध्ये त्या मुलीचे लांब केस जबरदस्तीने कापतात, दोन्हीकडे आपलं काहीतरी हिसकावलं जातंय. अशा पाच-सहा जोड्या लावून ठेवल्या की प्रश्न कसाही फिरवून आला तरी काहीतरी हाताशी असतं.

लास्ट लेसनचं निघालंच आहे तर सांगते, हा धडा शिकवताना आमचं टेबल दरवर्षी थोडं शांत होतं. माझी आजी इथेच, इंदुरात, मराठी शाळेत शिकली. आज टेबलावरच्या आठपैकी दोघांनाच मराठी नीट वाचता येतं, बाकीचे दुकानाच्या पाटीसारखं अक्षर जोडत जोडत वाचतात, देवनागरी येते हिंदीमुळे पण 'ळ' आला की अडखळतात. धड्यातल्या फ्रान्झला फ्रेंचच्या शेवटच्या दिवशी वाटतं ना की अरे आपण आधी का नाही शिकलो, ते यांना समजावून सांगावं लागत नाही. पण उत्तरात हे लिहायचं तर एकच वाक्य, शेवटी. परीक्षकाला फ्रान्झचा मास्तर, मिस्टर हॅमेल हवाय, तुमची आजी नको.

कवितांमध्ये पोरं अलंकारांना घाबरतात आणि ते उगीच. शाळेत हिंदीत मानवीकरण शिकलात, आजी मराठीत चेतनगुणोक्ती म्हणेल, इंग्लिशमध्ये तेच पर्सोनिफिकेशन. उपमा म्हणजे सिमिली, त्यात लाइक किंवा ॲज दिसतं. रूपक म्हणजे मेटाफर. अनुप्रास म्हणजे अलिटरेशन. अर्धं आधीच येतं तुम्हाला, फक्त नाव बदलायचंय. पण नुसतं नाव लिहून थांबू नका, त्याने काय झालं ते पण अर्ध्या ओळीत लिहा. माय मदर ॲट सिक्स्टी-सिक्समध्ये कारमध्ये शेजारी झोपलेल्या आईच्या चेहऱ्याची तुलना प्रेताशी केलीय, ठीक, सिमिली, पण त्यामुळे मुलीच्या मनातली आई गमावण्याची भीती एकदम समोर येते हे लिहिलं की उत्तर पूर्ण.

रायटिंगचे १८ म्हणजे नोटीस ४, आमंत्रण किंवा त्याचं उत्तर ४, पत्र ५, आर्टिकल किंवा रिपोर्ट ५. प्रत्येकात एक मार्क फॉरमॅटचा, तो फुकटचा आहे, सोडणाऱ्याला काय म्हणावं. नोटीस चौकटीत, संस्थेचं नाव, नोटीस हा शब्द, तारीख, हेडिंग, ५० शब्द, खाली नाव आणि पद. आमंत्रणाचं विशेष काही नाही, फॉर्मल असेल तर आय आणि यू येऊ द्यायचे नाहीत, दोन-तीन लिहून बघितली की जमतं.

खरी गोम कंटेंटच्या मार्कांत आहे. संपादकाला पत्र लिहा, विषय स्वच्छता. आठच्या आठ पोरांनी लिहिलं की स्वच्छता फार महत्त्वाची आहे, आपण सगळ्यांनी मिळून शहर स्वच्छ ठेवलं पाहिजे, सरकारने लक्ष द्यावं. हे पत्र कुठल्याही शहरातून जाऊ शकतं. मी म्हटलं अरे तुम्ही राहता कुठे? २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशात पहिला नंबर आलेल्या शहरात राहता आणि लिहायला काही नाही? रोज सकाळी गाणं वाजवत गाडी येते, ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला भिया तुमच्या आईला दारात ऐकवतो, देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्लांटमध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस बनवायची सोय आहे. यातल्या दोन गोष्टी टाका, पत्रात जीव येतो. पर्यावरण, ट्रॅफिक, मोबाइलचं व्यसन, वाचन, हे विषय फिरून फिरून येतात, प्रत्येकासाठी आपल्या गल्लीतल्या दोन खऱ्या गोष्टी इंग्लिशमध्ये लिहून ठेवा. आकडा खात्रीचा असेल तरच टाका, मनाने बनवलेल्या टक्क्यांचा परीक्षकाला लगेच वास येतो.

रीडिंगचे दोन उतारे, एक १२ मार्कांचा, दुसरा १० चा ज्यात आलेख किंवा आकडेवारी असते. याला वेगळा अभ्यास नाही, रोज एक पान वाचण्याला पर्याय नाही. घरात जे इंग्लिश वर्तमानपत्र येतं त्याचं संपादकीय, वीस मिनिटं, आणि शेवटी एका वाक्यात लिहायचं की या माणसाचं म्हणणं काय. एकच वाक्य, चुकांच्या वहीतच लिहा. ऑप्शनवाल्या प्रश्नात बाहेरचं ज्ञान वापरू नका, हुशार पोरं इथेच मार खातात, त्यांना विषय आधीच माहीत असतो म्हणून उताऱ्यात नसलेलं उत्तर निवडतात.

शाळेच्या २० मध्ये ऐकण्याचे ५, बोलण्याचे ५, प्रोजेक्टचे १०. बोलायची भीती घालवायला मी पोरांना एक काम देते, आईने पोहे कसे केले ते इंग्लिशमध्ये सांग. ऐकायला सोपं आहे पण बसा आणि करून बघा. पोहे भिजवायचे नाहीत नुसते धुवायचे, मग आपले इंदुरी पोहे उकळत्या पाण्यावर वाफवून गरम ठेवतात, वरून शेव, जीरावन मसाला, बाजूला जिलबी. रिन्स, ड्रेन, स्टीम, स्प्रिंकल, गार्निश, पाच क्रियापदं एका प्लेटमध्ये. पुढच्या वेळी सराफा, दिवसा दागिन्यांची दुकानं आणि ती बंद झाली की रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि थंडीत तळलेला गराडू कंद, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला दोन मिनिटांत सांगायचं. अडलं तर हिंदीत घसरायचं नाही, दुसऱ्या सोप्या शब्दाने पुढे जायचं, हेच शिकायचं असतं.

वेळापत्रक मी कुणाला बनवून देत नाही, बनवलेलं कुणी पाळत नाही. फक्त एवढं करा, ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी एक तास, घड्याळ लावून, एक रायटिंगचा प्रश्न, एक मोठं उत्तर आणि दोन छोटी, वहीवर, हाताने. डीप वॉटरमधला तो माणूस पण ऑक्टोबरमध्येच इन्स्ट्रक्टर धरतो आणि एप्रिलपर्यंत एकेक तुकडा शिकतो, आधी श्वास, मग पाय, मग सगळं एकत्र. तुमची परीक्षा त्याच्या आधी आहे, तेव्हा जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी अख्खा तीन तासांचा पेपर. बोर्ड दरवर्षी सॅम्पल पेपर आणि त्याची मार्किंग स्कीम फुकट टाकतं, पेपर सगळे डाउनलोड करतात, मार्किंग स्कीम कुणी उघडत नाही, आणि मार्क कशाला मिळतात ते तर तिथेच लिहिलेलं असतं. पुस्तकं हरवली असतील तर एनसीईआरटीच्या साइटवर आहेत, नाहीतर खजुरी बाजारात सेकंडहँड मिळतात, कधीकधी आधीच्या मालकाच्या मार्जिनमधल्या नोंदींसकट, त्या मात्र तपासून घ्या.

पेपरच्या दिवशी पहिली १५ मिनिटं फक्त वाचायची असतात, तेव्हा लिटरेचरमधले चॉइस ठरवून टाका, नंतर बदलायचं नाही. मग रीडिंग ४५ मिनिटं, रायटिंग ४५, लिटरेचर ७५. काही पोरं लिटरेचर आधी लिहितात, मला ते पटत नाही, तिथे हात सुटला की थांबत नाही आणि मग माझ्यासारखं पत्र अर्धं राहतं. उरतात १५ मिनिटं. त्यात अख्खा पेपर पुन्हा वाचायचा नाही, वाचून काही दिसत नाही, आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच वाटतं. आपल्या वहीतल्या त्या आठ-दहा चुका आठवायच्या आणि एकेक घेऊन शोधायची. एक चक्कर फक्त सिन्स-फॉरसाठी, एक फक्त आयएनजीसाठी, एक अ-ॲन-द साठी. पोलीस जसा फोटो घेऊन एकाच माणसाला शोधतो तसं.

भाच्याने प्री-बोर्डमध्ये पहिल्यांदा असं केलं. घरी येऊन चपला काढता काढता सांगत होता, मावशी आठ पकडल्या. नववी कोणती सुटली ते पेपर हातात आल्यावर कळलं, लेटर टू द एडिटरच्या पहिल्याच ओळीत, ऑल्दो आणि पुढे छातीठोकपणे बट.